वर्गात ‘येत’ होतं, मग चाचणीत का आलं नाही?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी मी थांबले: ‘वर्गात सगळ्यांना येत होतं.’ तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं तुम्ही सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवता. तास मन लावून घेता, फळ्यावर पायऱ्या नीट मांडता. ‘समजलं का?’ म्हटलं की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि त्याच तासाला दिलेली उदाहरणं बहुतेकांची बरोबर येतात. तरी तीन आठवड्यांनी दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत तीच मुलं कोरी पानं घेऊन बसली. मुलं अभ्यास करत नाहीत की माझ्याच शिकवण्यात काही कमी आहे, आणि मुलं शिकतात कशी ते धरून शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. हा घटक पुन्हा पहिल्यापासून घेऊ का, हाही प्रश्न आहे.

मी २७ वर्षं शिकवतेय. त्यातली अलीकडची बरीच वर्षं नव्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर बसण्यात गेली. तिथून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते, म्हणून उत्तर जरा लांबलं तरी चालेल ना?

समजणं, आठवणं आणि येणं असे तीन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, पण वर्गात आपण ते एकाच अर्थानं वापरतो. शिक्षक पायरी मांडतो आणि मुलाला ती पटते, तेव्हा त्याला समजलेलं असतं. पुस्तक मिटल्यावर ती पायरी मनातून वर काढता आली तर आठवलं. आणि इथे हीच पायरी लागते असं कुणी न सांगता ओळखून ती वापरली, तर आलं. तुम्ही तासाच्या शेवटी पहिली गोष्ट पाहिलीत आणि चाचणीनं तिसरी मागितली. मधला सगळा रस्ता मुलांनी आपापला घरी चालावा, असं आपण न बोलता धरून चाललेलो असतो. बहुतेक मुलांना तो रस्ता कसा चालायचा हे कुणीच दाखवलेलं नसतं. अभ्यास कर म्हटलं की ती धडा पुन्हा वाचतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे झालं, असं त्यांना मनापासून वाटतं.

याबद्दलचा रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले, काही एकदाच वाचले आणि मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं आणि एकदा वाचून आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. पाच मिनिटांनी मोजणाऱ्याला वाटेल की वाचणंच बरं, आणि आठवड्यानं मोजणारा अगदी उलटं सांगेल. तासाच्या शेवटी ‘समजलं का?’ विचारणारे आपण सगळे पाच मिनिटांनी मोजत असतो.

म्हणून पहिला बदल तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं. मुलं जागेवर बसली की पुस्तक-वही बंद, कच्च्या कागदावर तीन प्रश्न. एक कालच्या तासातला, एक साधारण दीड आठवड्यापूर्वीचा, एक मागच्या महिन्यातला. सगळ्यांनी लिहायचं, कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग उत्तरं फळ्यावर आणि ज्यानं त्यानं आपलं आपण तपासायचं. गुण नाहीत, नोंद नाही. गुण आले की मुलं शेजाऱ्याच्या कागदाकडे बघू लागतात आणि आठवण्याचं काम तिथेच थांबतं. आठवायला जोर लावण्यातूनच आठवण पक्की होते, त्यामुळे ‘सोपं जावं’ म्हणून सूचक शब्द पुरवायचा मोह आवरा. उत्तर मात्र लगेच कळलं पाहिजे, नाहीतर चुकीचं आठवलेलं तसंच घट्ट होऊन बसतं.

यात माझी एक चूक सांगते. सुरुवातीला मी प्रश्न फार अवघड काढत असे. तीनपैकी एकही येत नाही अशी मुलं वर्गात असतील तर ती पाच मिनिटं त्यांच्यासाठी रोजची हार होते, आणि मुळात मनात काही शिरलंच नसेल तर आठवायचं तरी काय? आता मी असे प्रश्न काढते की बहुतेकांना निदान दोन यावेत आणि तिसऱ्यासाठी डोकं खाजवावं लागावं. पहिले दोन-तीन आठवडे मुलं कुरकुरतात. ‘बाई, काल येत होतं हो!’ हे वाक्य ऐकू येईल. ऐकलंत की तेवढ्यावरून वर्गाशी बोला. काल का येत होतं आणि आज का नाही, हे मुलांनाच कळलं तर ती घरी धडा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून बघायला लागतात. माझ्या मते या एका सवयीचं मोल एखाद्या पूर्ण घटकाएवढं आहे.

दीड आठवडा आणि महिना हे अंतर मी उगाच ठरवलेलं नाही. विसरण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केला आणि १८८५ साली मांडला. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळानं ते पुन्हा पाठ करायला किती कष्ट पडतात ते मोजायचं. त्यांना दिसलं की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असतो, मग तो मंदावतो. तीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांमध्ये वाटून केली तर कमी कष्टांत जास्त उरतं, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. अंतर किती ठेवावं यावर सेपेडा आणि सहकाऱ्यांचा २००८ सालचा मोठा अभ्यास आहे. चाचणी आठवड्यावर असेल तर उजळणीत साधारण १ दिवसाचं अंतर सगळ्यात फायद्याचं ठरलं. ३५ दिवसांवर असेल तर साधारण ११ दिवसांचं, आणि जवळजवळ वर्षावर असेल तर सुमारे ३ आठवड्यांचं. लक्षात किती दिवस राहायला हवं, त्यावर अंतर ठरतं. आदल्या रात्रीचा अभ्यास दुसऱ्या दिवशीपुरता का पुरतो आणि पुढच्या इयत्तेत सगळं कोरं का होतं, ते यावरून कळेल.

गृहपाठालाही हेच लावा. आज शिकवलेल्याचा गृहपाठ आज देण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. त्यातली निम्मी उदाहरणं तीन आठवड्यांपूर्वीच्या घटकाची द्या. नवं काही छापायला लागत नाही, मागच्या सरावसंचातली राहिलेली उदाहरणं पुरतात.

आता सरावाकडे येते. इथे आपण नकळत सगळ्यात जास्त नुकसान करतो.

सरावसंचाच्या वर ‘परिमिती’ लिहिलेलं असतं. खाली दहा उदाहरणं. तिसऱ्या उदाहरणापासून मूल शब्द वाचणं सोडून देतं, आकडे उचलतं, बेरीज करतं, दुप्पट करतं. दहापैकी दहा बरोबर. पुढच्या पानावर ‘क्षेत्रफळ’. पुन्हा आकडे उचलायचे, या वेळी गुणाकार. पुन्हा दहापैकी दहा. मग चाचणीत येतं, ‘१२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद जागेला कुंपण घालायचं आहे, किती लांबीचं लागेल?’ आणि मूल ९६ लिहून मोकळं होतं. गुणाकार बरोबर आहे. पण ४० यायला हवे होते, कारण कुंपण कडेनं जातं. या मुलाला दोन्ही रीती येतात. कुठे कुठली वापरायची हे ठरवायचा सराव मात्र त्यानं एकदाही केलेला नाही, कारण तो निर्णय दर वेळी पानाच्या मथळ्यानं त्याच्या वतीनं घेतला होता.

रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये नेमकं हेच तपासलं. चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवून एका गटाला एकेका आकृतीची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळलेल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळलेले ६३ वर राहिले. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या जुन्या वह्यांतले दहापैकी दहा डोळ्यांसमोर आले आणि फार वाईट वाटलं. ज्या दिवशी वर्ग सगळ्यात समाधानी दिसत होता, त्याच दिवसांत मी मुलांना कमी देत होते.

मिसळायचं कसं? नवी रीत शिकवल्याच्या दिवशी मिसळू नका. त्या दिवशी तीच तीन-चार उदाहरणं सलग होऊ द्या, हाताला वळण लागू द्या. दोन-तीन दिवसांनी जवळपासच्या, गोंधळ होण्याजोग्या रीती एकत्र आणा. परिमिती आणि क्षेत्रफळ, लसावि आणि मसावि, वस्तुमान आणि वजन. परिमितीबरोबर सनावळ्या मिसळून काही साधत नाही, फरक ओळखायची गरज पडेल अशाच जोड्या घ्या. एक प्रकार मुलांना फार आवडतो. सहा शाब्दिक उदाहरणं द्यायची आणि सांगायचं की एकही सोडवायचं नाही, प्रत्येकासमोर फक्त कुठली रीत आणि का ते लिहा. दहा मिनिटांत होतं. ‘का’ लिहिताना जी खाडाखोड होते ती जपून बघा, तिथे शिकणं चाललेलं असतं.

हे सगळं मनात काहीतरी नीट शिरल्यानंतरचं. मुळात शिरतं कसं?

एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरता येतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता, पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. पण ‘एक गोष्ट’ किती मोठी असते हे आधीच्या ज्ञानावर ठरतं. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला लावली. निष्णात खेळाडूंनी नवख्यांपेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या जागेवर ठेवल्या. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या तेव्हा मात्र त्यांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. त्यांना सोंगट्या सुट्या दिसतच नव्हत्या, ओळखीच्या रचना दिसत होत्या. तुम्ही ‘३क्ष + ७ = २२’ कडे बघता तेव्हा तुम्हाला एक गोष्ट दिसते. नवख्या मुलाला तिथे अक्षर, आकडे, दोन चिन्हं, बाजू बदलताना काय होतं याचा नियम, आणि वर तुमचं बोलणं एवढं सगळं सांभाळायचं असतं. तुम्ही दोन पायऱ्या एका ओळीत केल्यात की त्याच्या हातून सगळंच सांडतं. तो तेव्हाही मान डोलावतो, कारण प्रत्येक वाक्य सुटं सुटं खरंच कळत असतं.

याला माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला उपाय पूर्ण सोडवलेलं उदाहरण. जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत नवख्या विद्यार्थ्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासण्याचा फायदा सगळं स्वतः सोडवण्यापेक्षा जास्त झालेला दिसला. आपण सहसा एक उदाहरण सोडवून दाखवतो आणि नऊ सोडवायला देतो. मी असं करते: पहिलं पूर्ण सोडवलेलं, प्रत्येक पायरीपुढे ‘असं का केलं?’ एवढाच प्रश्न, उत्तर मुलांनी लिहायचं. दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी. तिसऱ्यात शेवटच्या दोन कोऱ्या. चौथं पूर्ण कोरं. ‘३क्ष + ७ = २२’ मध्ये ‘दोन्ही बाजूंतून ७ वजा केले’ यापुढे एका मुलीनं लिहिलं होतं, ‘कारण क्ष एकटा हवा आहे आणि त्याच्याजवळ आत्ता सात जास्तीचे बसलेत.’ हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. मी शिकवलेला नियम ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ असा होता. तिचं वाक्य जास्त चांगलं आहे, तेव्हापासून मी तेच वापरते.

मुलं पुढे गेली की हा आधार काढून घ्यायचा, हे विसरू नका. ज्याला येतं त्याला सोडवलेलं उदाहरण वाचायला लावलं तर त्याचा वेळ जातोच, शिवाय त्याची स्वतःची रीत अडखळते.

पडद्यावर परिच्छेद दाखवून तोच मोठ्यानं वाचणं थांबवलंत तर वर्ग लगेच हलका वाटेल. वाचणं आणि ऐकणं ही दोन्ही शब्दांचीच कामं, ती एकमेकांच्या वाटेत येतात. आकृती पडद्यावर आणि शब्द तुमच्या तोंडी, अशी वाटणी चांगली चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूल वर्गात येतं तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. त्याच्या मनात आधीचं काहीतरी असतं, आणि तुमचा प्रत्येक शब्द तो त्या आधीच्यातूनच ऐकतो.

एका मुलाची वजाबाकीची वही माझ्यासमोर आली होती. ६८ − २३ = ४५, ७९ − ४५ = ३४, ५२ − २७ = ३५, ४० − १६ = ३६, ९६ − ५४ = ४२. वर्गशिक्षकांनी पाचपैकी तीन दिले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘सराव वाढव.’ पुन्हा एकदा बघा. ५२ − २७ मध्ये दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन वजा केले. ४० − १६ मध्ये शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य. त्याच्या मनात एक नियम होता: मोठ्यातून लहान काढायचा, कोण वर आणि कोण खाली याला महत्त्व नाही. हा नियम त्यानं पाचही ठिकाणी अगदी चोख पाळला. तीन उदाहरणं बिनहातच्याची होती म्हणून ती योगायोगानं बरोबर आली. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणं दिली असती तर त्याचा चुकीचा नियम वीस वेळा घोटून पक्का झाला असता. मी त्याला शेजारी बसवून फक्त म्हटलं, ‘करताना मोठ्यानं बोल.’ दुसऱ्याच उदाहरणाला सगळं कळलं. मग काड्यांचे दहाचे गठ्ठे घेतले, बावन्न मांडले आणि सत्तावीस उचलायला सांगितले. सुट्या दोन काड्या हातात घेऊन तो बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत राहिला आणि मग न विचारता एका गठ्ठ्याचं रबर काढलं. हातचा म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी कळलं.

विज्ञानात हे आणखी खोल असतं. झाडाच्या खोडातलं एवढं लाकूड येतं कुठून, असं विचारून बघा. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बिनचूक लिहिणारी मुलंही ‘मातीतून’ म्हणतात. त्यांच्या मनात समीकरण एका कप्प्यात आणि झाड दुसऱ्या कप्प्यात असतं. मी त्यांना फान हेल्मोंट यांचा प्रयोग सांगते. त्यांनी सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली, विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७४ किलोंनी वाढलं आणि मातीत जेमतेम ५७ ग्रॅम तूट आली. हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. त्यांनी निष्कर्ष काढला की सगळं पाण्यातून आलं. इथे मी थांबते आणि वर्गाला विचारते की त्यांचं काय राहून गेलं असेल. हवेचं नाव निघायला कधी कधी दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मला कधीही वाया गेल्यासारखी वाटली नाहीत. हवेतल्या वायूपासून लाकूड बनतं, हे आधी अशक्य वाटायला हवं. तसं वाटल्याशिवाय समीकरणाला अर्थ येत नाही.

मग प्रश्न उरतो की तीस-चाळीस मुलांच्या मनातलं कळणार कसं? ‘समजलं का?’ या प्रश्नानं ते कधीच कळत नाही. ज्याला समजलेलं नाही त्याला ते समजलेलं नाही हेही बऱ्याचदा माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं तो चारचौघांत बोलत नाही. त्याऐवजी असा प्रश्न तयार ठेवा की ज्याचं प्रत्येक चुकीचं उत्तर तुम्हाला काहीतरी सांगेल. दशांश अपूर्णांकांसाठी मी हा वापरते: ०.३, ०.४५ आणि ०.२८६ यांत सगळ्यात मोठा कोणता? ०.२८६ म्हणणारं मूल चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतंय, २८६ म्हणजे सगळ्यात मोठे. ०.३ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा असं असतं की दशांश मोठे, सहस्रांश बारीक, म्हणून जितके कमी अंक तितकी संख्या मोठी. आणि ०.४५ वाल्यांना स्थानिक किंमत बहुधा कळली आहे. आकडे निवडताना दक्षता घ्या. हेच मी ०.४, ०.३५ आणि ०.१२५ असे घेतले असते तर दुसरा गैरसमज असलेली मुलंही ०.४ हे बरोबर उत्तर देऊन निसटली असती.

उत्तर सगळ्यांनी पाटीवर किंवा कागदावर लिहून एकाच वेळी वर धरायचं. हात वर करणाऱ्या चौघांच्या उत्तरांवरून वर्ग पुढे नेणं ही माझी कितीतरी वर्षांची सवय होती आणि ती मोडायला मला मेहनत पडली. प्रश्न विचारल्यावर थांबाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून मोजलं तर शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबत होते. ते तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब आली, जास्त मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. तीन सेकंद शांतता फळ्यासमोर उभं राहून फार मोठी वाटते. मनात आकडे मोजा, जमेल.

वही तपासण्याबद्दल एकच सांगते. रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला त्यांचं काम आणि रस दोन्ही सुधारले. गुण मिळालेल्यांत तसं झालं नाही, आणि गुणांसोबत शेरा मिळालेल्यांतही नाही. आकडा दिसला की मूल शेजारच्याचा आकडा बघतं, शेरा वाचायचा राहून जातो. रोजच्या वहीत आकडा लिहू नका. ‘लक्ष दे’सुद्धा नको, त्यात करण्यासारखं काही नसतं. ‘३ आणि ५ या उदाहरणांत छेदाचं एकच काहीतरी राहिलंय, शोध’ असं लिहा आणि दुसऱ्या दिवशी तासातली सात-आठ मिनिटं त्यासाठीच द्या. तेवढा वेळ देता येणार नसेल तर शेरा लिहिण्यात रात्र घालवू नका.

कुणी तुम्हाला सांगेल की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून, तेव्हा वर्गाचे तसे गट पाडा. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं आणि मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवल्यानं ते जास्त शिकतं, याला पुरेसा आधार सापडला नाही. आकृती, शब्द आणि काड्यांचे गठ्ठे सगळ्याच मुलांच्या उपयोगाचे आहेत. कुठे काय वापरायचं ते शिकवायच्या गोष्टीवरून ठरवा. ‘तू ऐकून शिकणारा’ असा शिक्का बसला की मूल वाचायचं टाळायला लागतं, हे मी पाहिलंय.

हे सगळं एकदम सुरू करू नका. सुरुवातीची पाच मिनिटं आधी, महिनाभर फक्त तेवढंच. मग गृहपाठात जुनं मिसळणं. प्रश्न तयार करायला वेळ लागतो, दर घटकाला एक जमला तरी वर्षाअखेर चांगला साठा होतो. सहकारी असतील तर वाटून घ्या.

आणि दशांश अपूर्णांकांचा घटक पुन्हा पहिल्यापासून शिकवू नका. मुलांनी ते सगळं ऐकलेलं आहे, दुसऱ्यांदा ऐकताना ते ओळखीचंच वाटेल आणि वर्ग पुन्हा ‘हो’ म्हणेल. उद्या तासाच्या सुरुवातीला वह्या बंद करून ०.३, ०.४५ आणि ०.२८६ फळ्यावर लिहा. कागदावर उत्तर आणि त्याखाली एक ओळ ‘कारण’ एवढंच मागा, नावासकट. कागद गोळा करून तीन गठ्ठे करा. २८६ वाल्यांना शंभर चौकोनांच्या जाळीवर ०.३ आणि ०.४५ रंगवायला लावा, मग २८६ सहस्रांश म्हणजे किती चौकोन भरतील ते विचारा. तीसपेक्षा थोडे कमी, हे त्यांना स्वतःला दिसू द्या. ०.३ वाल्यांना तीच जाळी द्या, पण त्यांना ०.३ हे ०.३० असं लिहून चौकोन मोजायला सांगा. बरोबरवाल्यांना ०.४५ आणि ०.४६ यांच्या मधली एखादी संख्या शोधायला द्या. अशी संख्या नसतेच असं त्यांच्यातलेही काही ठामपणे सांगतील, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यानंतर साधारण ११ दिवसांनी, न सांगता, नव्या तीन आकड्यांसह तोच प्रश्न तासाच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत ठेवा आणि आजच्या गठ्ठ्यांशी ताडून बघा.